घासतंय कुठे, ते आधी शोधा

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा उघडला आणि पहिलंच पत्र असं निघालं की बाकीच्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवणं भाग पडलं. दोन छोटी पत्रं तेवढी शेवटी घेतली आहेत. नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच : इंदूरला पालद्यात आमचं चाकांच्या अलाइनमेंटचं दुकान आहे. पहिली सात वर्षं मी गल्ल्यावर बसले. मग ह्यांची कंबर गेली आणि मी पिटमध्ये उतरले, त्यालाही आता सोळा वर्षं झाली. त्यामुळे गाडीबद्दल मी जे लिहिते ते बहुतेक खालून बघितलेलं असतं.

प्रश्न : काकू, सा. न. आमची शेती नेमावर रोडला, खुडेलच्या पुढे. मी सव्वीस वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत २०१८ची सेकंडहँड इसुझू व्ही-क्रॉस घेतली. तिला २५५/६५ आर १७ टायर होते, ते पार गुळगुळीत झाले म्हणून इंदूरला एका दुकानात जाऊन २६५/७० आर १७ बसवले. दुकानदार म्हणाला, या टायरला जुनी डिस्क, म्हणजे चाकाची रिम, शोभत नाही. म्हणून काळ्या, ९ इंच रुंद डिस्काही घेतल्या. गाडी दिसते एक नंबर. पण फुल कट मारला, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण वळवलं, की पुढचा डावा टायर कर्रर्र करून घासतो, रिव्हर्समध्ये जास्तच. उजवा घासतो पण कमी. बटाट्याच्या गोण्या भरून चोइथराम मंडीला निघालो की स्पीडब्रेकरवर मागूनही घर्र आवाज येतो. दुकानदार म्हणतो, दोन इंचाची लिफ्ट किट टाकून गाडी उंच करा, सगळं बंद होईल, नाहीतर मडगार्ड कापून देतो. बाबा रोज सुनावतात. जुन्या डिस्का गोठ्याच्या माळ्यावर पडल्यात. त्यांवर आतून ७ जे आणि ३३ असं कोरलंय, नव्यांवर ९ जे आणि ईटी ०. याचा काही संबंध आहे का? मडगार्ड कापू, की लिफ्ट टाकू?
— एक वाचक, खुडेल

उत्तर : अरे बाळा, संबंध आहे का म्हणून काय विचारतोस, सगळा संबंध तिथेच आहे. तू ते आकडे वाचून पाठवलेस म्हणून तुझं पत्र पहिलं घेतलं. निम्मे लोक नुसतं ‘काकू, मोठे टायर टाकले, घासतात’ एवढं लिहितात आणि मी काय अंगात आणून सांगायचं?

आधी टायरचा हिशेब करू. २५५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा ६५ इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची. १७ ही डिस्कची गोलाई, इंचात. कागदावर मांडलंस तर जुना टायर वरपासून खालपर्यंत ७६३ मिलिमीटर भरतो आणि नवा ८०३. फरक ४०चा, पण तो मध्यापासून चहूकडे वाटला जातो, म्हणजे टायर पुढे, मागे, वर असा प्रत्येक बाजूला २० मिलिमीटर वाढला. रुंदी १०नं वाढली, म्हणजे आत ५, बाहेर ५. ही वाढ पिकअपच्या मडगार्डमध्ये बरीचशी जिरून जाते. कुठे प्लास्टिकला थोडंसं लागलं तर लागलं.

आता डिस्क. डिस्कचा जो चेहरा हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागाला, टेकतो तो रुंदीच्या बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट, म्हणजे तुझा तो ईटी, शून्य. तो चेहरा बाहेरच्या अंगाला सरकलेला असेल तर आकडा प्लस, आणि तेवढी डिस्क गाडीच्या आत ओढली जाते. तुझी जुनी ७ इंची, म्हणजे १७८ मिलिमीटर, अर्धे ८९. त्यातून ३३ गेले, ५६ उरले. म्हणजे हबपासून बाहेरची कड ५६ मिलिमीटरवर होती. नवी ९ इंची म्हणजे २२९, अर्धे ११४, वजा शून्य, म्हणजे ११४च. कड तब्बल ५८ मिलिमीटर बाहेर आली. चार बोटं आडवी धर मडगार्डपाशी, जवळजवळ तेवढं. आत मात्र जुनी डिस्क १२२वर पोचत होती, नवी ११४वरच थांबते. म्हणजे आतली जागा उलट मोकळी झाली आणि सगळा पसारा बाहेर गेला.

तुला वाटेल, बाहेर गेलं तर बाहेर घासायला काय आहे? इथेच सगळे फसतात. पुढचं चाक वळतं ते स्वतःच्या मध्यावर नाही. वरचा बॉल जॉइंट आणि खालचा बॉल जॉइंट यांच्यामधून एक रेघ ओढ, चाक त्या रेघेभोवती फिरतं, बिजागरीवर दार फिरावं तसं. दाराची बिजागरीजवळची कड जरा हलते, पण लांबच्या टोकाला अर्धी खोली लागते. डिस्कची बाहेरची कड त्या रेघेपासून ५८ मिलिमीटर लांब नेलीस, म्हणजे दार रुंद केलंस आणि खोली तेवढीच ठेवलीस. मग फुल कट मारला की टायरचा बाहेरचा खांदा एकीकडे पुढे बंपरच्या कोपऱ्यावर जातो, दुसरीकडे मागे, दरवाजाच्या पुढे जिथे मडगार्ड संपतं तिथे.

त्यामुळे लिफ्टचं उत्तर तुला इथेच मिळालं. लिफ्टनं चाक खाली जातं, पुढे-मागे जात नाही. वळताना घासणारा टायर लिफ्टनंतरही वळताना घासेल, फार तर तीन बोटं खाली घासेल. उभ्या गाडीत जागा झाल्यासारखी दिसते खरी, पण खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की चाक पुन्हा जिथल्या तिथे. शिवाय तुझी गाडी पुढून स्वतंत्र सस्पेन्शनची आणि फोर बाय फोर. दोन इंचाचा ठोकळा घातलास की पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट तिरके होतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात, वरचे बॉल जॉइंट ताणात राहतात. आणि उंच केलेल्या गाडीचा कॅस्टर, म्हणजे त्या बॉल जॉइंटच्या रेघेचा मागचा झुकाव, बहुतेक वेळा कमी होतो, तो परत आणायला माझ्यासारखीकडे यावंच लागतं. लिफ्ट वाईट म्हणत नाही मी. टायर वरच्या बाजूला, स्प्रिंग अर्धवट दबल्यावर लागत असेल तर तिचा उपयोग आहे. तुझं दुखणं ते नव्हे.

मडगार्ड कापायचं नाव तर इतक्यात काढूच नकोस. आधी घासतंय कुठे ते शोध. मागच्या पावसाळ्यात एकजण आला होता, त्यानं ग्राइंडर लावून तीन ठिकाणी पत्रा कापून घेतला होता आणि आवाज होता तसाच. मी खाली गेले तर चिखलपट्टीचा एक स्क्रू अर्धा इंच बाहेर आलेला. स्क्रू कापला, दोन मिनिटांत काम झालं. पत्रा काही परत आला नाही.

शोधायचं असं. घरात दिवाळीचा गेरू असेल तो पाण्यात घट्ट कालव आणि टायरच्या नक्षीवर आणि दोन्ही खांद्यांवर जाडसर फास. सपाट जागेत रिकामी गाडी, बाबांना बाहेर उभं कर, बघायचं काम त्यांच्याकडे दे, म्हणजे सुनावणंही थांबेल. डावीकडे फुल कट मारून अगदी हळू पुढे जा, मग त्याच कटावर रिव्हर्स ये. गेरू पुसून उजवीकडे तेच. रिव्हर्स विसरू नकोस. पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मना रबरी बुश असतात, गाडी मागे घेताना किंवा ब्रेक मारताना ते जरा दबतात आणि चाक काही मिलिमीटर सरकतं. तुझा आवाज रिव्हर्समध्ये वाढतो तो बहुतेक यामुळेच. डाव्या बाजूला जास्त घासतंय म्हणजे डाव्या आर्मचे बुश एकदा सळईनं हलवून बघून घे. सेकंडहँड गाडी आहे, आधीच्या मालकानं ती कशी चालवली तुला थोडंच माहीत. त्यानंतर शेताच्या बांधावर एक चाक चढवून, म्हणजे त्या बाजूची स्प्रिंग दाबून, पुन्हा एकदा तपास कर.

मग टॉर्च घेऊन मडगार्डात शिर. गेरू आतल्या प्लास्टिकवर किंवा चिखलपट्टीवर लागला असेल तर जीव टांगणीला लावू नकोस, त्याचा इलाज सोपा आहे. मागच्या बाजूला, पायापाशी जिथे पत्र्याचे दोन थर एकमेकांवर दाबून जोडलेत त्या उभ्या कडेवर लागला असेल तर जरा काम आहे. पण ब्रेकच्या नळीवर, एबीएसच्या वायरवर किंवा आर्मवर लालसर डाग दिसला तर ती गाडी त्या दिवसापासून उभी कर. ब्रेकची नळी घासून घासून एका दिवशी फुटते आणि ती कधीच दारात फुटत नाही, भेरूघाट उतरताना फुटते.

आता माझा सल्ला. गोठ्याचा माळा झाड. नवे टायर जुन्या ७ इंची डिस्कांवर चढव. २६५/७० आर १७ हा टायर ७ ते ९ इंच रुंद डिस्कवर बसतो, त्यामुळे त्यात जुगाड असं काही नाही. डिस्कचे ५८ मिलिमीटर सगळे गेले, राहिले टायरचे स्वतःचे ५. मागचं घासणंही याच दमात संपायला हवं. तुझं मागचं चाक आज मडगार्डच्या ओठाखाली आलंय, गोण्या भरल्या, पाटे, म्हणजे मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सपाट झाले की तो ओठ टायरवर बसतो. जुन्या डिस्कवर चाक ओठाच्या आत जाईल. तरीही घासलं तर पाट्यांकडे बघ : एखादं पान तडकलंय का, यू-बोल्ट ढिले आहेत का, रबरी स्टॉप शाबूत आहे का. आणि बाळा, गोण्या मोज. पन्नास किलोच्या वीस म्हणजे एक टन झाला. आरसी बुकात किती लिहिलंय ते घरी वाच, इथे नको सांगूस.

डिस्का बदलताना नट नीट बघ. नव्या डिस्कांबरोबर नवे नट आले असतील. नटाची बैठक आणि डिस्कच्या भोकाची बैठक एकमेकांना जुळायला लागते, म्हणून जुन्या डिस्कला जुनेच नट. ते गोठ्यात सापडले नाहीत तर डिस्क हातात घेऊन बाजारात जा, फोनवर सांगून नट आणायचे नाहीत. सहाही नट समोरासमोर असे आलटून पालटून आवळ, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर टॉर्क पान्यानं परत एकदा. हवेच्या गननं ठोकून बसवलेल्या नटांना मी कधीच ‘झालं’ म्हणत नाही.

समज, जुन्या डिस्कवरही गेरू प्लास्टिकला लागलाच. लागेल थोडा, २० मिलिमीटर उंची वाढलीय शेवटी. तर चाक काढ, प्लास्टिकच्या मागे वायरचा गुच्छ किंवा वॉशरच्या पाण्याची टाकी नाही ना ते हात घालून बघ, आणि गरम हवेच्या गननं ते प्लास्टिक हळूहळू तापव. हाताला सोसवेनासं झालं की जाड हातमोज्यानं आत दाब आणि गार होईपर्यंत दाबून धर. वाटल्यास दोन भोकं पाडून प्लास्टिकच्या पट्टीनं मागच्या पत्र्याला आवळून टाक. गॅसच्या बत्तीनं कुणी करतो म्हणाला तर उठून घरी ये. बंपरचा खालचा कोपरा लागत असेल तर धारदार कटरनं बोटभर कापला तरी बाहेरून दिसत नाही. पत्र्याची उभी कड लागत असेल तर कापायची नाही, हातोडीनं मागे वळवायची. रंगाला भेग जाते तिथे लगेच प्रायमर, त्यावर सांधा भरायचं सीलर, त्यावर रंग. हे तीन थर आळशीपणानं राहिले की दोन पावसाळ्यांत गंज पायदानापर्यंत पोचतो. मी बोट घालून भोक पाडून दाखवलेत असे पत्रे.

किती जागा सोडायची, हे बाहेरगावचा माणूस सांगेल ते इथे धरू नकोस. आपली काळी माती आहे. जुलैत तुझ्या शेतातून एक फेरी मारली की टायरला मातीचा दुसरा टायर चढतो, मडगार्डच्या आत कणकेसारखी थापली जाते, आणि उन्हात वाळली की तीच कानशीसारखी टायर घासते. उन्हाळ्यात बोटभर फट पुरली तरी सोयाबीनच्या दिवसांत पुरत नाही. किमान दोन बोटं ठेव आणि पावसाळ्यात चिखल रोज काढ. लोकांना मडगार्डातली मोकळी जागा बघून वाटतं, कंपनीनं उगाच सोडलीय, भरून काढू. उगाच नसते सोडलेली. इथे जवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ साली सुरू झाला. गाड्या अशा ठिकाणी भरून, पळवून, आदळून बघितल्या जातात, तेव्हा कुठे त्या फटीचं माप ठरतं. तुझा दुकानदार डोळ्यानं ठरवतो.

आता माझ्या पोटापाण्याचा विषय. टायर बदलला, डिस्क बदलली, की अलाइनमेंट करायचीच. पण ती कशी? बहुतेक ठिकाणी फक्त टो बघतात. टो म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं समोरून किती जवळ-लांब. दहा मिनिटांचं काम, बिल फाडलं, चल पुढे. तू कॅस्टरचा आकडा माग. मघाशी सांगितलेली बॉल जॉइंटची रेघ वरून मागे किती झुकलीय, तो कॅस्टर. ज्या गाड्यांना खालच्या आर्मला कॅम बोल्ट, म्हणजे फिरवून आर्म सरकवायचे बोल्ट, असतात त्यांत कॅस्टर जरा वाढवला, म्हणजे खालचा बॉल जॉइंट पुढे घेतला, की अख्खं चाक मडगार्डात काही मिलिमीटर पुढे सरकतं. मागची कड घासत असेल तर एवढ्यानं पत्र्याला हातही न लावता काम होतं. आठवतं, एका गाडीचं सगळं आवरलं होतं, फक्त डाव्या मागच्या कोपऱ्याला नखभर लागत होतं. कॅस्टर वाढवला आणि गेरू कोरडाच राहिला. बदल दोन्ही बाजूंना सारखा हवा. डावा-उजवा कॅस्टर वेगळा राहिला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. आणि पुढे सरकवलेलं चाक बंपरच्या कोपऱ्याला लागत नाही ना ते लगेच बघायचं. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकड्यांचे कागद छापून मागायचे. कागद द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडे परत जायचं नाही.

काही गाड्यांत चाक किती वळेल ते अडवणारा एक स्टॉप बोल्ट असतो. तो लांब करून किंवा खाली वॉशर घालून कट कमी करतात, मग टायर पोचतच नाही कुठे. सोपी युक्ती आहे. पण मंडीच्या फाटकात ट्रकांच्या रांगेतून एका दमात वळायचं सोडून तीनदा पुढे-मागे करत बसशील, आणि मागून जो हॉर्नचा गजर होईल तो काही मला ऐकवू नकोस. शेवटचा उपाय म्हणून ठेव.

आणि तुला काळ्या डिस्काच हव्यात, असं दिसतंय पत्रावरून. मग रुंदी ७ किंवा ८ इंच आणि ऑफसेट जुन्याच्या आसपास, अशी काळी डिस्क शोध. सहा नटांची, नटांच्या १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळाची, मधलं भोक तुझ्या हबला घट्ट बसणारी. ८ इंची आणि तोच ३३ ऑफसेट घेतलास तर बाहेरची कड फक्त १३ मिलिमीटर पुढे येते. ९ इंची शून्यवाल्या विकून टाक. घासणं हा त्यांचा एकच दोष नाही. चाक एवढं बाहेर गेलं की एका बाजूला खड्डा लागला तरी स्टेअरिंग हातातून हिसका देऊन निघतं, ब्रेक मारताना ओढतं, आणि हबच्या बेअरिंगवर भार वाढतो.

घाईनं दोन गोष्टी. टायरवर मापापुढे एक आकडा असतो, त्यावरून एका टायरनं किती वजन पेलायचं ते कळतं. ११० म्हणजे १०६० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. जुन्या टायरवरचा आणि नव्यावरचा ताडून बघ, नवा कमी असेल तर बटाटे त्यावर भरू नकोस. दुसरं, टायर उंच झाल्यामुळे तुझा मीटर आता कमी दाखवतो. काटा १०० म्हणतो तेव्हा गाडी १०५च्या वर असते. ओडोमीटरही तसाच मागे पडतो, म्हणून मायलेज घटल्यासारखं दिसेल, त्यासाठी पंपावर भांडू नकोस.

कागदांचंही सांगून ठेवते. मोटर वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ५२. कंपनीनं दिलेल्या मूळ मापांपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावलं. कापलेलं मडगार्ड आणि चार बोटं बाहेर आलेली चाकं विम्याच्या सर्वेअरला न सांगता दिसतात. बाबांना ही ओळ वाचून दाखवायची की नाही ते तुझं तू ठरव.

प्रश्न : बँकेतून निवृत्त आहे. मुलानं माझ्या छोट्या गाडीला १४ऐवजी १५ इंची अलॉय डिस्का आणि १९५/६० आर १५ टायर घेऊन दिले. पूर्वी १८५/७० आर १४ होते. आता पुढचा टायर आतून शॉकअबच्या स्प्रिंगच्या वाटीला टेकतो. मेकॅनिक म्हणतो, २० मिलिमीटरचे स्पेसर घालू. घालावेत का?
— एक ज्येष्ठ वाचक, देवास

उत्तर : काका, नका घालू. खुडेलच्या मुलाची डिस्क बाहेर गेली, तुमची आत आली, एवढाच दोघांत फरक. उंचीत तुमच्या मुलानं चूक केलेली नाही. दोन्ही टायर ६१५ मिलिमीटरच्या आसपासच आहेत. पण नवा टायर आतल्या बाजूला ५ मिलिमीटर रुंद आहे आणि बहुधा नव्या डिस्कचा ऑफसेटही जास्त आहे. अशा गाड्यांत स्प्रिंगची वाटी टायरच्या अगदी डोक्याशी असते, तिथे चार-पाच मिलिमीटरचाच तर खेळ.

नुसता चकतीसारखा २० मिलिमीटरचा स्पेसर हब आणि डिस्कच्या मध्ये घातला की बोल्ट तेवढाच आखूड पडतो आणि नट दोन-तीन आट्यांवर लटकतो. साधा हिशेब लक्षात ठेवा : बोल्ट जितका जाड, निदान तितकी लांबी नटात जायला हवी. १२ मिलिमीटर जाडीचा, दीड मिलिमीटर आट्यांचा बोल्ट असेल तर नट निदान आठ पूर्ण फेरे फिरला पाहिजे. स्वतः हातानं फिरवून मोजा, मेकॅनिकला बाजूला बसवा.

माझं मत, मुलाला न दुखवता टायर बदलून १८५/६५ आर १५ घ्या. रुंदी पूर्वीइतकीच, उंची सात मिलिमीटरच जास्त. तरीही टेकलं तर मग डिस्कचाच ऑफसेट चुकलाय, ती परत करायची. तोवर आतल्या भिंतीवरून हात फिरवून बघा. धाग्यांपर्यंत घासलं असेल तर तो टायर गेला. बाजूच्या भिंतीला पॅच लावून चालवायचा नसतो.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. गाडीला काहीही बदललेलं नाही, टायरही कंपनीचेच. तरी आठवड्यापासून वळताना पुढून खर्रर्र आवाज येतो, उजवीकडे वळताना जास्त. ड्रायव्हर म्हणतो, चार हजारांचं बेअरिंग गेलंय.
— एक वाचक, रामबाग

उत्तर : ताई, बेअरिंग गेलं असेल तर आवाज वेगाबरोबर वाढतो, गुणगुणल्यासारखा, आणि सरळ रस्त्यावरही येतो. तुमचा आवाज फक्त वळताना येतोय. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी बंद करा आणि चाकामागे वाकून बघा. शंभरातल्या ऐंशी वेळा मडगार्डच्या आतल्या काळ्या प्लास्टिकची क्लिप पडलेली असते आणि ते प्लास्टिक पोटासारखं बाहेर येऊन टायरला लागत असतं. घासलेल्या जागी ते चकचकीत दिसेल. क्लिप दहा-वीस रुपयांची. नवलख्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात जुनी क्लिप दाखवून तशीच मागा, आणि एक नाही, चार आणा, कारण एक पडली की शेजारचीही ढिली असते. बसवून झाल्यावर रिकाम्या मैदानात दोन्हीकडे पूर्ण वळवून चालवा. आवाज गेला नाही तर गाडी घेऊन पालद्याला या. येताना ड्रायव्हरला बरोबर आणा, मला त्याच्याशी बेअरिंगबद्दल बोलायचं आहे.